एक फ्लाय रॉड, जुळत्या लाईनीसह

“येवढी गोड बोलनारी मान्सं मला पचत न्हाईत,” थोरले भावजी पुटपुटले. ते इतक्या जवळ बसले होते की त्यांच्या तोंडातल्या सुपारीचा वाससुद्धा मला आला. मी दाराच्या आत, ते दाराच्या बाहेर, मध्ये फक्त जुन्या लुगड्याचा पडदा. पुटपुटणं त्यांचं त्यांच्यापुरतं होतं. पण भावजींचं पुटपुटणं म्हणजे दुसऱ्या कुणाचं बोलणं.

आमच्या मनूच्या, म्हणजे मनकर्णेच्या, लग्नाची यादी चालली होती. एकाहत्तर सालचा फाल्गुन. यादी झाली की शब्द पक्का: कुणी काय द्यायचं ते दोन कागदांवर लिहायचं, कोपऱ्यांना हळदकुंकू लावायचं, चारचौघांत मोठ्याने वाचायचं आणि सुपारी फोडायची. मनूची याआधीची दोन स्थळं यादीवरच मोडली होती. पहिलं रेडिओवरून, दुसरं मुलाच्या आत्यांच्या लुगड्यांवरून. आत्या तीन होत्या, यादी लिहितालिहिता त्या पाच झाल्या. दुसऱ्या वेळी मनू रडली नाही. नुसतं महिनाभर रोज दोनदा घर झाडत होती. झाडलेलंच घर पुन्हा झाडताना तिच्याकडे बघणं मला फार जड गेलं.

आणि आता हे तिसरं. मुलगा गोरक्ष, इथेच राहुरीला कृषी विद्यापीठात नोकरीला. बघायला आला तेव्हा त्याने मनूला स्वयंपाक येतो का, हे विचारलंच नाही. ज्वारीची भाकरी थापताना चिरते ती पिठामुळे की पाण्यामुळे, हे विचारलं. मनू म्हणाली, “हातामुळे.” दोघं हसली. मुलगी बघण्याच्या कार्यक्रमात कुणी हसलेलं आमच्या घराने तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसापासून मनू घर एकदाच झाडायला लागली.

मुलाचे वडील कानिफनाथ, मिरजगावचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. सुधारक माणूस. “हुंडा नको, मानपान नको, खर्च निम्मा निम्मा,” एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. आमच्याकडून बोलायला थोरले भावजी. यांचे मोठे भाऊ, गहिनीनाथ, खास कर्जतहून आलेले. नवं पेन, दोन फुलस्केप कागद आणि भांडायची पूर्ण तयारी. आता लिहायलाच काही नाही म्हटल्यावर त्यांची अवस्था आखाड्यात उतरून समोर कुणीच नसलेल्या पैलवानासारखी झाली.

“आवो, कायतरी सांगा की. टोपी?”

“हाय मला.”

“अंगठी?”

“बोटं सुजत्यात.”

“आसं कसं? मुलाचे बाप तुमी. तिसऱ्यांदा इचारतो.”

आता, तीनदा विचारल्यावर नाही म्हणणं हे आमच्यात उद्धटपणाचं समजतात. सुभेदार चहा पिताना काश्मीरच्या पोस्टिंगबद्दल, तिथल्या बर्फाच्या पाण्याबद्दल आणि त्यातल्या ट्राउट माशांबद्दल सांगत होते. त्यांनी म्हणे मिशीवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, “बरं, लिवा मग. ट्राउट मासा धरायची एक फ्लाय रॉड. आन तिला जुळंल अशी लाईन.”

भावजींनी लिहिलं. भावजी लिहितात ते एकेक अक्षर तोंडाने म्हणत. ‘एक’ पासून ‘लाईनीसह’ पर्यंत पोचायला त्यांना दोन मिनिटं लागली असतील. तेवढ्यात कुणालाही काही बोलता आलं असतं. कुणी बोललं नाही. मग कागदाला कुंकू लागलं, मोठ्याने वाचन झालं, सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर घरात पहिला वाद झाला तो हा, की सुभेदार हसले होते की नाही.

“हसले,” हे म्हणाले.

“मिशी हालली,” भावजी म्हणाले. “हासनं येगळं, मिशी हालनं येगळं.”

चहाचे कप उचलायला गेलेली मनू म्हणाली, “डोळे हसत होते.” लग्नाच्या मुलीचं मत कुणी धरत नाही. मला पडद्याखालून सुभेदारांचे फक्त पाय दिसले होते, आणि पायावरून काही सांगता येत नाही.

“मग विचारा की त्यांना,” मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी सुभेदारांचे दात मोजायला सांगितले होते. विचारायचं कसं? त्यांनी खरंच मागितलं असेल, तर आम्ही शब्दाला मागे हटतोय असं होणार. आणि सहज बोलले असतील, तर आम्ही कुंकू लावून काय नोंदवून घेतलं? दोन्हीकडून अब्रू जाणार. तेव्हा ठरलं: आणायची. दोन स्थळं जास्त मागण्यांनी मोडली, तिसरं एका काठीने मोडू द्यायचं नाही.

काठी म्हणायचं कारण, तोवर आम्हाला तेवढंच कळलं होतं. शेजारच्या लंकाबाईंना तेवढंही कळायची गरज वाटली नाही. “मनूची आई, मासे धरायला काठी इकत आनायची? वढ्याकडंचा एक वेळू तोडा, त्याला रंग द्या, वर गोंडा बांधा. मुलाचा बाप गोंडा बघतो, काठी न्हाई.” लंकाबाईंचे यजमान कंपाउंडर असल्यामुळे आजारापासून आहेरापर्यंत सगळ्यावर त्यांच्याकडे उपाय असतो. जाताजाता त्यांनी विचारलं, “पर मिरजगावात ट्राउट कुठला? तितं उन्हाळ्यात प्यायला पानी मिळंना.” हा प्रश्न आमच्याही मनात होता. पण तो यादीत नव्हता.

हे नगरला गेले. खेळाच्या सामानाच्या दुकानात कॅरम, बॅडमिंटन, लेझीम सगळं होतं. दुकानदाराने यांना आधी ‘तुम्ही कुठल्या शाळेचे?’ विचारलं आणि मग दोन लेझमी दाखवल्या. तिसऱ्या खेपेला भिंगारच्या छावणीतल्या एका भंगारवाल्याकडे, जुन्या काळी साहेबलोकांच्या लिलावात सुटलेल्या सामानात, खाकी कापडाच्या पिशवीत ती सापडली. बांबूच्या चिरफळ्या तासून, सहा बाजूंनी चिकटवून केलेली, रेशमी दोऱ्याने जागोजागी बांधलेली. इतकं नाजूक काम मी फक्त वीणेच्या दांडीवर पाहिलं होतं. सोबत एक गंजलेलं रीळ, त्यावर कुजत आलेली रेशमी दोरी.

यांना एवढा आनंद झाला की येताना एसटीत त्यांनी ती मांडीवर आडवी धरली आणि राहुरीपर्यंत तीन प्रवाशांची माफी मागितली.

पिशवीतून चार तुकडे निघाले. पहिला दुसऱ्यात बसला, दुसऱ्यात तिसरा, आणि चौथा कुठेच बसेना. भावजी तेव्हा आमच्याकडेच मुक्कामाला होते. हल्ली ते घरी जायचं नावच घेत नव्हते. म्हणाले, “जोड झिजला आसंल. सुताराला दाखवा. चार दिल्यात म्हंजी चार लागत आसतील.” सुताराने पितळी नळीने चौथा तुकडा तिसऱ्याच्या टोकाला बसवला. आता ती रॉड इतकी लांब झाली की सोप्यात धरली तर टोक स्वयंपाकघरात यायचं. मी दोन दिवस तिच्यावर कोथिंबिरीची जुडी अडकवून ठेवली होती, हे अजून भावजींना माहीत नाही.

खुलासा पुस्तकात झाला. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं इंग्रजी मी भावाच्या टाकलेल्या पुस्तकांवर आणि किराण्याच्या पुड्या सोडवून शिकले. यांनी नगरच्या वाचनालयातून कुणा साहेबाचं मासेमारीवरचं पुस्तक आणलं, आणि स्वतः पहिलं पान वाचून “हे तुझ्याकडे असू दे” म्हणाले. मी शब्दकोश घेतला. सकाळच्या भाकरीला अर्धं पान, संध्याकाळच्या भाकरीला अर्धं पान. दुसऱ्या प्रकरणात लिहिलं होतं की रॉडचा शेंडा नाजूक असतो, मोडतो, म्हणून चांगल्या रॉडबरोबर दोन शेंडे देतात. एक लावायचा, एक पिशवीत ठेवायचा. मी हे वाचून दाखवलं तेव्हा भावजींनी छताकडे बघितलं. मग म्हणाले, “मला वाटलंच हुतं.” सुताराला पुन्हा बोलावलं. तो म्हणाला, बसवायला सांगणारे पुष्कळ भेटतात, काढायला सांगणारे तुम्ही पहिलेच.

पण खरा गुंता लाईनीचा. पुस्तक म्हणत होतं, साध्या गळाला वजन असतं, ते फेकलं की दोरी मागोमाग जाते. इथे गळाला वजनच नाही. पिसांची बांधलेली माशी, फुंकर मारली तर उडेल अशी. ती लांब न्यायची ती दोरीच्या वजनाने. म्हणून दोरी रॉडच्या बेताची हवी. जड झाली तर रॉड दमते, हलकी झाली तर रॉड वाकतच नाही, आणि वाकल्याशिवाय तिच्यात जोर येत नाही. हे वाचून मी तवा उतरवला आणि तेवढं पुन्हा वाचलं. माझ्या लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. इतकं नेमकं मला कुणी सांगितलं नव्हतं.

रॉडच्या मुठीपाशी शाईने तीन इंग्रजी अक्षरं होती, एच-डी-एच, म्हणजे पुस्तकाप्रमाणे लाईनीचं माप. मुंबईच्या एका दुकानाला आम्ही कार्ड टाकलं. उत्तर आलं: अक्षरांची पद्धत गेली, आता नंबर असतात; कोणता नंबर पाठवू, ते कळवा. सोबत एक छापील पत्रक. त्यात पहिल्या तीस फुटांचं वजन ग्रेनमध्ये आणि पुढे नंबर. यांनी सुचवलं, “मधला कुठलातरी कळवू.” मी म्हणाले, नाही. यादीत ‘जुळती’ लिहिलंय.

मग मला सुचलं ते सुचायला नको होतं, असं पुढे सगळे म्हणाले. रिळावरची जुनी दोरी कुजत आली होती, पण वजन तर तिला होतं! साहेबाने ती याच रॉडला लावली म्हणजे ती जुळतीच असणार. तीस फूट म्हणजे वीस हात. मनूच्या हाताने मोजून तेवढी कापली, रुमालात बांधली आणि पेठेतल्या आसाराम सोनाराकडे गेले. ग्रेनसारखी बारीक वजनं आणखी कोण तोलणार?

आसारामने दोरी पारड्यात ठेवली, उचलली, वास घेतला, पुन्हा ठेवली. “तोळ्याला अकरा गुंजा कमी भरतीय, ताई. काय हाय ह्ये?”

“लाईन आहे. मनूच्या सासऱ्यांना द्यायची.”

“आन नवी किती तोळ्याची करायची?”

“एवढ्याच वजनाची,” मी म्हणाले. आणि यात माझं काय चुकलं ते मला अजून सांगा. तोळ्याचे ग्रेन एकशे ऐंशी, अकरा गुंजांचे वीस कमी म्हणजे एकशे साठ, म्हणजे पत्रकात नंबर सहा. मी हिशेब करत घरी आले, इतकी खूश की रस्त्यात लंकाबाई भेटल्या त्यांनाही म्हणाले, “लाईन ठरली एकदाची!”

लाईन आली आणि पोस्टात अडकली. पार्सलवर यांच्या आडनावातलं एक इंग्रजी अक्षर गळलं होतं. आमचे पोस्टमास्तर दर रविवारी यांच्याबरोबर पत्ते खेळतात.

“अहो, तुम्ही मला ओळखता ना?” हे म्हणाले.

“मी ओळखतो. पोस्ट ओळखत नाही.”

दोन्ही आडनावांचा इसम एकच असल्याचा दाखला आणायला यांना आठ दिवस लागले. हे स्वतः धरणाच्या कचेरीत हेडक्लार्क, त्यामुळे दाखल्यांचा यांना आदर आहे. इतका आदर, की रॉड मुळा धरणावर एकदा फेकून बघायची म्हणून यांनी कचेरीत परवानगीचा अर्ज केला, तो रीतसर यांच्याच टेबलावर आला, आणि त्यावर यांनी शेरा मारला: ‘साधनाचा प्रकार स्पष्ट होत नाही. खुलासा व्हावा.’ मी विचारलं, तुम्हाला स्पष्ट होत नाही? तर म्हणाले, “मला होतो. अर्जावरून होत नाही.” खुलासा मी लिहून दिला.

एका सकाळी आम्ही धरणाच्या काठाला गेलो. हे, भावजी, मनू आणि पुस्तक घेऊन मी. मासे धरणारा सहादेव भोई जाळं वाळत घालत होता, तो कंबरेवर हात ठेवून उभा राहिला. यांनी रॉड फिरवली. लाईन यांच्याच टोपीला गुंडाळली. भावजींनी फिरवली, पाण्यावर सपकन आवाज झाला.

“पान्याला चाबूक मारताय व्हय?” सहादेव म्हणाला. “काय गुन्हा क्येला त्यानं?”

मी वाचत होते: घड्याळाच्या काट्यासारखी दहावर आणा, एकवर न्या, थांबा, मागे लाईन सरळ होऊ द्या, मग पुढे. पुरुषांना थांबणंच जमेना. शेवटी मनूने पदर खोचला आणि रॉड घेतली. मागे नेली, थांबली, पुढे आणली. लाईन तिच्या डोक्यावरून उलगडत गेली, लांब, अगदी आवाज न करता, आणि पाण्यावर टेकली. सहा नंबर जुळला होता. सहादेव “आगंआई,” एवढंच म्हणाला. भावजींनी तोंड फिरवलं आणि डोळ्यात कचरा गेल्याचं सांगितलं.

आता सगळं झालं, असं वाटायच्या आतच लंकाबाई आल्या. चेहऱ्यावर दुखवट्याला आल्यासारखं समाधान.

“मनूची आई, तोळाभर सोन्याची लाईन करताय म्हनं सुभेदाराला? आन आमाला पत्ता न्हाई?”

पेठेतून एसटी स्टँड, एसटीने नगर, नगरहून मिरजगाव. सोनाराच्या पारड्यातली ती कुजकी दोरी पोचली तेव्हा निव्वळ सोन्याची झाली होती. लंकाबाईंची भाची त्याच गावात दिलेली. तिचा निरोप होता की सुभेदारांची भावकी पारावर बसून हसतेय. हुंडा नको म्हणणाऱ्याने गुपचूप तोळ्याची दोरी मागितली, सुधारक असावा तर असा. सुभेदार चार दिवस घराबाहेर पडलेले नाहीत.

मनूने केरसुणी हातात घेतली. मी बघितलं. घर सकाळीच झाडून झालं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुभेदार आणि विहीणबाई न कळवता दारात. लग्न आठ दिवसांवर. मी पाणी दिलं तेव्हा विहीणबाईंनी, म्हणजे भीमाबाईंनी, माझ्याकडे बघितलं. त्या रागावल्या आहेत की थकल्या आहेत, ते कळेना. सुभेदार ताठ बसले. यांनी हवापाण्याचं विचारलं. सुभेदारांनी मिरजगावच्या उन्हाचं सांगितलं. भावजींनी कर्जतचं ऊन जास्त असल्याचं सांगितलं. उन्हावर अर्धा तास गेला. सोन्याचं कुणी काढेना, लाईनीचं कुणी काढेना, त्या दिवशी मिशी का हालली ते तर कुणीच काढेना.

शेवटी मीच रॉड आणली. पाटावर ठेवली, शेजारी लाईन, डबीतून काढून. हिरवट रंगाची साधी दोरी. “सोनं नाही यात,” मी म्हणाले. “मी वजन करायला गेले होते, नंबर काढायला. चूक माझी आहे.”

सुभेदारांनी दोरी बोटांनी चाचपली. आणि काय सांगू, तो ताठ माणूस एकदम उसवला. “न्हाई? सोनं न्हाई?”

“एक गुंज नाही.”

“पांडुरंगा!” त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, कपाळ पुसलं, पुन्हा घातली. “म्या म्हनलं, आता भावकीत तोंड कसं दावू.”

“मग आता हातात घ्या की सायेब,” भावजी म्हणाले. “यादीपरमानं हाय का बघा.”

सुभेदारांनी रॉड घेतली. मुठीच्या वर धरली, बंदुकीसारखी, रीळ आभाळाकडे. पुस्तकातल्या पहिल्याच चित्रात रीळ खाली असतं. मी काही बोलले नाही. मनूही आतल्या दारातून बघत होती, तीही नाही. “झकास हाय,” सुभेदार म्हणाले. त्यांच्या कपाळावर पुन्हा घाम आला.

“ठिवा ती खाली,” भीमाबाई म्हणाल्या. “अवो, यांनी जल्मात मासा धरला न्हाई. मेजर सायेब मासं धरायचा, ह्ये त्याचा डबा धरायचं. दीड म्हैना झोप न्हाई मानसाला. म्हने, लगनात चारचौघांत फेकून दावा म्हनले, तर काय करू?”

सुभेदार खाली बघत म्हणाले, “सांगनार हुतो. पन तुमी येवढं मन लावून लिवत हुता...”

आता हे भावजींकडे बघायला लागले, मी बघायला लागले, पडद्याआड मनूच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. भावजींनी रॉड उचलून नीट पाटावर ठेवली. शेंडा पाटाच्या बाहेर येत होता, तो हळूच सरळ केला.

“चेष्टाच हुती ती,” ते म्हणाले. “मला लिवतानाच कळलं हुतं. पन दोन डाव मोडल्यालं बघितलं म्या. काय मागतच न्हाईत आसल्या घरी पोरगी द्यायचं मला भ्या वाटलं.”